मराठी निवडली आणि रेघ सरकली: ॲपमधल्या अर्ध्या ओळीखालच्या रेघेचा हिशेब

एखाद्या ॲपची भाषा इंग्रजीवरून मराठी करून बघा. नोंदणीच्या पानावर तळाशी एक चौकोन आणि त्यापुढे एक वाक्य असतं: ‘मला वापराच्या अटी मान्य आहेत’. यातल्या ‘वापराच्या अटी’ एवढ्याच शब्दांखाली रेघ हवी, कारण तिथे बोट टेकवलं की अटींचं पान उघडतं. पण कधी कधी रेघ दिसते ती ‘टी मान्य आहे’ एवढ्या तुकड्याखाली. ‘अटी’मधला ‘अ’ रेघेबाहेर, ‘आहेत’मधला ‘त’ रेघेबाहेर. भाषांतर बरोबर, शुद्धलेखन बरोबर, रेघ मात्र भलत्याच ठिकाणी.

बघणाऱ्याला वाटतं, फोन बिघडला असेल किंवा मराठी फॉन्ट नीट नसेल. दोन्ही नसतं. ही रेघ नेमकी तिथेच का सरकली हे बोटांवर मोजून दाखवता येतं, आणि तो हिशेब पुढे मांडला आहे.

विषय निघायला निमित्तही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तुमची माहिती घेण्यासाठी संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्या, असं हा कायदा सांगतो. म्हणजे आजवर इंग्रजीत असलेली संमतीची वाक्यं आता मराठीत येत राहणार. आणि संमतीच्या वाक्यात जवळजवळ नेहमी दोन-तीन शब्दांखाली रेघ असते.

## रेघ अक्षरांत नसतेच

पडद्यावर फक्त वाचायला ठेवलेल्या मजकुराला प्रोग्रामर ‘लेबल’ म्हणतात. आयफोनच्या जगात त्याचं नाव यूआयलेबल, अँड्रॉइडमध्ये टेक्स्टव्ह्यू. सगळं लेबल लाल करा, सगळं मोठं करा, हे एका ओळीचं काम. अडतं ते लेबलाच्या एखाद्या भागाला वेगळं रूप द्यायचं असतं तेव्हा.

आपण संगणकावर पत्र लिहितो तेव्हा माउसने शब्द निवडतो आणि रेघेचं बटण दाबतो. ॲपमध्ये निवडायला कोणी बसलेलं नसतं. ॲप तुमच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी प्रोग्रामरने लिहून ठेवायचं असतं, की या वाक्यात अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत रेघ ओढ. म्हणजे मजकूर एकीकडे राहतो आणि रेघेची सूचना दुसरीकडे. सूचनेत शब्द नसतात, फक्त दोन आकडे असतात.

मुंबईच्या लोकलचं उदाहरण घ्या. महिलांचा डबा कुठे येणार हे कळावं म्हणून फलाटावर खुणा असतात. ती खूण डब्यावर नसते, फलाटावर असते. बारा डब्यांची गाडी जिथे थांबायची तिथे थांबली तर खूण आणि डबा समोरासमोर येतात. पंधरा डब्यांची गाडी आली की त्याच खुणेसमोर भलताच डबा उभा राहतो, आणि पदर सावरत, पिशव्या सांभाळत फलाटभर पळापळ होते. खूण खोटी नव्हती, ती दुसऱ्या गाडीसाठी होती. लेबलाखालची रेघ ही अशी फलाटावरची खूण आहे.

आयफोनमध्ये ही सोय यूआयलेबलला २०१२ साली, आयओएसच्या सहाव्या आवृत्तीत मिळाली. मजकूर आणि त्यावरच्या सूचना एकत्र बाळगणाऱ्या त्या प्रकाराला एनएसअ‍ॅट्रिब्युटेडस्ट्रिंग असं लांबलचक नाव आहे. अँड्रॉइडमध्ये तेच काम स्पॅनेबलस्ट्रिंग करते आणि रेघेच्या सूचनेला अंडरलाइनस्पॅन म्हणतात. ही नावं इथेच सोडून देऊ. पुढे त्याला नुसतं ‘सजवलेला मजकूर’ म्हणू.

## मोजायचं काय?

सगळी मेख इथे आहे. वाक्य फोनच्या आत ओळीने मांडलेल्या खणांत साठवलेलं असतं, आणि रेघेची सूचना खणांचे क्रमांक सांगते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक खण, म्हणून तिथे डोळ्याने मोजलं तरी भागतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचा पाय या प्रत्येकाला स्वतंत्र खण लागतो. ‘म’ एक खण, ‘मा’ दोन. ‘च्या’ला चार: च, हलन्त, य, काना. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एकच अक्षर, पण ते सहा खण अडवून बसतं.

आता ते वाक्य मांडू. मोजणी शून्यापासून सुरू होते, ही प्रोग्रामर लोकांची जुनी रीत. म, ल आणि काना यांनी ०, १, २ हे खण घेतले. तिसऱ्या क्रमांकावर रिकामी जागा, कारण जागेलाही खण लागतो. ‘वापराच्या’ चौथ्या खणापासून बाराव्यापर्यंत, तेराव्यात पुन्हा जागा, ‘अटी’ १४ ते १६. म्हणजे ‘वापराच्या अटी’ हे दोन शब्द चौथ्या खणावर सुरू होतात आणि जागेसकट १३ खण व्यापतात.

डोळ्याने मोजणारा माणूस काय म्हणेल? म, ला, जागा झाली, म्हणून सुरुवात ३. पुढे वा, प, रा, च्या, जागा, अ, टी, म्हणून लांबी ७. हे आकडे दिले की रेघ सुरू होते रिकाम्या जागेखालून आणि संपते ‘वापराच’वर, म्हणजे ‘च्या’ या जोडाक्षराच्या पोटात. तिथे पुढे काय दिसतं ते त्या त्या यंत्रणेवर आहे. कुठे अख्ख्या ‘च्या’खाली रेघ येते, कुठे अर्ध्यावर तुटते.

यात आणखी एक गंमत आहे. आयफोनला सुरुवात आणि लांबी सांगायची असते, म्हणजे ४ आणि १३. अँड्रॉइडला सुरुवात आणि शेवट सांगायचा असतो, आणि शेवटचा खण रेघेत धरायचा नसतो, म्हणजे ४ आणि १७. एकच ॲप दोन्हीकडे बनवताना आयफोनचे आकडे तसेच अँड्रॉइडला दिले तर रेघ बरोबर ‘वापराच्या’ या एकाच शब्दाखाली येते आणि ‘अटी’ उघड्या राहतात. इतकी व्यवस्थित दिसणारी चूक तपासणीत सहज निसटते. उलट केलं, तर आयफोनवर रेघ ‘मान्य’च्या मध्यापर्यंत धावते.

सुरुवातीच्या ‘टी मान्य आहे’चा हिशेब आता सोपा आहे. मूळ इंग्रजी वाक्य आहे ‘आय अ‍ॅग्री टू द टर्म्स ऑफ यूज’. रोमन लिपीत लिहिलं तर ते जागांसह २७ खणांचं होतं आणि ‘टर्म्स ऑफ यूज’ पंधराव्या खणापासून शेवटपर्यंत जातं. प्रोग्रामरने १५ आणि २७ हे आकडे लिहून ठेवले आणि विसरून गेला. भाषांतर करणाऱ्याने वाक्य बदललं, आकड्यांना कोणी हात लावला नाही. मराठी वाक्यात पंधराव्या खणात बसलाय ‘अटी’मधला ट, आणि सत्ताविसाव्यात ‘आहेत’चा त, जो शेवट म्हणून रेघेत धरला जात नाही. मधलं सगळं रेघेखाली. बारा डब्यांची खूण, पंधरा डब्यांची गाडी.

वाक्य लहान झालं तर गोष्ट रेघेवर थांबत नाही. ‘अटी मान्य’ एवढंच लिहिलं तर खण नऊच भरतात. पंधराव्यापासून रेघ ओढ म्हटल्यावर तो खणच सापडत नाही आणि ॲप जागच्या जागी बंद पडतं. मराठी निवडली की ॲप बंद पडतं, इंग्रजीत छान चालतं, अशा तक्रारींच्या मुळाशी इतकं क्षुल्लक कारणही असू शकतं.

## एकच शब्द, तीन मापं

खण मोजून काम भागेल असं वाटत असेल तर ‘ॲप’ हाच शब्द घ्या. ‘ॲ’ हे एक सबंध अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी यादी. त्याआधीपासून लोक ‘अ’ आणि त्यावर चंद्र असं दोन खणांत लिहीत होते, आणि काही कळफलक मध्ये एक न दिसणारा सांधाही घालतात. त्यामुळे पडद्यावर जवळपास एकसारखा दिसणारा हा शब्द दोन खणांचा असेल, तीन खणांचा असेल किंवा चार खणांचाही.

‘तिसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’च्या त्या मराठमोळ्या रूपाचंही तसंच. एक रीत म्हणजे नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी रीत म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे तोच अदृश्य सांधा. पहिल्या रीतीने शब्द सात खणांचा, दुसऱ्या रीतीने आठ. डोळ्याला दोन्ही सारखेच. गोपनीयतेच्या मजकुरात ‘तिसऱ्या पक्षाला’ हा शब्दप्रयोग हमखास असतो, तेव्हा हा कोपऱ्यातला मुद्दा नाही.

भर म्हणून खुद्द प्रोग्रामिंगच्या भाषांचंही एकमत नाही. ॲपलची स्विफ्ट ही २०१४ सालची भाषा डोळ्याला दिसणारं अक्षर हा एकक धरते, पण आयफोनचा जुना सजवलेला मजकूर खण मोजतो. एकातून लांबी घेतली आणि दुसऱ्याला दिली की रेघ आखूड पडते. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच येत असल्यामुळे घोळ लपून राहतो. डोळ्याला एक दिसणारं अक्षर कोणतं, याचा युनिकोडचा नियमही २०२३ पर्यंत ‘च्या’ला दोन अक्षरं मानत होता, ‘च्’ आणि ‘या’. २०२३ च्या आवृत्तीत जोडाक्षरं एकसंध धरली गेली. आपल्याकडे पहिलीतल्या मुलाला जे कळतं ते मानकात यायला बराच काळ गेला.

इमोजीची वेगळी तऱ्हा. अंगठ्याचं एक चित्र दोन खण घेतं, त्याला त्वचेचा रंग निवडला की चार. वाक्यात वापरणाऱ्याचं नाव येत असेल आणि त्याने नावापुढे चित्र लावलं असेल, तर पुढचे सगळे आकडे सरकले.

## ‘मग मोजता कशाला? शब्दच शोधा!’

कोणीही विचारेल असा प्रश्न. वाक्यात ‘वापराच्या अटी’ हे शब्द शोधायला सांगा, जिथे सापडतील तिथे रेघ ओढा. पुष्कळ ॲपांत असंच केलेलं असतं आणि इंग्रजीत ते बऱ्यापैकी चालतं. मराठीत मात्र शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो.

भाषांतरकाराने लिहिलं, ‘वापराच्या अटींशी मी सहमत आहे’. शोध ‘अटी’पर्यंत जुळतो आणि अनुस्वारासह ‘शी’ बाहेर राहतो. अनुस्वार बसलाय ‘टी’च्या डोक्यावर, रेघ आहे ‘टी’च्या पायाशी, आणि संगणकाच्या लेखी ‘टी’ रेघेत, अनुस्वार बाहेर. आता या शब्दात रेघ कुठे थांबावी? माझं मत सरळ आहे: ‘अटींशी’ हा सबंध शब्द रेघेखाली हवा. विभक्तीचा प्रत्यय हा मराठीत शब्दाचाच अवयव असतो, त्याला शब्दापासून तोडून दाखवणं हातापासून नख तोडण्यासारखं दिसतं.

त्याहून वाईट म्हणजे मुळातच बदलणारे शब्द. ‘परतावा’ शोधायला सांगितला आणि वाक्यात आहे ‘परताव्याच्या अटी’. सापडणारच नाही. सापडलं नाही तर अँड्रॉइडचा शोध उणे एक असं उत्तर देतो. ते उत्तर न तपासता तसंच रेघेच्या सूचनेत टाकलं की उणे एकाव्या खणापासून रेघ ओढायचा हुकूम निघतो, आणि ॲप पुन्हा बंद. शिवाय ‘तिसऱ्या’ची दोन रूपं वर पाहिलीच. शोधणाऱ्याचं एक आणि वाक्यातलं दुसरं असेल, तर समोर दिसत असलेला शब्दही सापडत नाही. तोच शब्द वाक्यात दोनदा आला तर शोध पहिल्यावर थांबतो, मग तो हवा असो वा नसो.

## ‘दोन लेबलं शेजारी शेजारी ठेवली तर?’

हा उपाय नवशिक्यांना फार आवडतो. पहिल्या लेबलात साधा मजकूर, दुसऱ्यात रेघ असलेला, संपलं. इंग्रजीत, मोठ्या पडद्यावर, अक्षरांचा आकार नेहमीचा असेल तोवर संपलंच. पण आईबाबांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात. पहिलं लेबल दोन ओळींवर गेलं की दुसरं त्याच्या उजवीकडे वेगळ्या स्तंभासारखं लटकतं. वाक्य वाहत नाही, त्याचे दोन ठोकळे होतात. डोळ्याने न वाचता फोनकडून वाचून घेणाऱ्यांना तर ते दोन सुट्या वस्तू म्हणून ऐकू येतं.

खरा तोटा व्याकरणाचा. इंग्रजीत क्रियापद आधी आणि अटी शेवटी, म्हणून दोन तुकडे पुरतात. मराठीत ‘मला’ आधी, अटी मध्ये, ‘मान्य आहेत’ शेवटी. तिसऱ्या तुकड्याला जागाच ठेवलेली नसते. मग बिचारा भाषांतरकार काय करणार? तो लिहितो, ‘मी सहमत आहे: वापराच्या अटी’. ॲपांमधलं मराठी परकं वाटतं याचा दोष आपण सरसकट भाषांतरावर ढकलतो. कितीतरी वेळा भाषांतरकाराला वाक्य दिलेलंच नसतं, ओळीने दोन खोकी दिलेली असतात आणि ती भरून द्या म्हटलेलं असतं.

गूगलचं फ्लटर, अँड्रॉइडचं २०२१ साली पहिली पक्की आवृत्ती आलेलं जेटपॅक कम्पोज आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या नव्या साधनांत एकाच लेबलात तुकडे जोडता येतात. ओळी नीट वाहतात, आकडे मोजावे लागत नाहीत, हे चांगलंच. पण तुकड्यांचा क्रम इंग्रजीचा गोठवून ठेवला तर व्याकरणाचा प्रश्न तसाच उरतो.

तुकडा शब्दाच्या मध्ये पाडला तर आणखी एक दृश्य बघायला मिळतं. ‘अट’ एका लेबलात आणि ‘ींशी’ दुसऱ्यात गेलं की वेलांटीला टेकायला अक्षर उरत नाही. अशा निराधार चिन्हापुढे फोन ठिपक्यांचं एक वर्तुळ काढतो. जुन्या मराठी ॲपांत ती वर्तुळं पाहिली असतील तर ती बहुधा अशाच तोडफोडीतून आलेली.

## खूण वाक्यातच लिहा

मग उपाय काय? रेघेची खूण फलाटावरून उचलून डब्यावर रंगवायची. भाषांतरकाराकडे जाणाऱ्या वाक्यातच ‘रेघ इथे सुरू’ आणि ‘रेघ इथे संपली’ अशा दोन खुणा घालायच्या. वाक्य कसंही फिरवलं, प्रत्यय लावले, शब्द मागेपुढे केले तरी खुणा शब्दाबरोबर जातात. ‘अटी’ की ‘अटींशी’ हा निर्णयही मराठी जाणणाऱ्याच्या हातात येतो, जिथे तो असायला हवा. आकडे ॲप स्वतः काढतं, त्या त्या वाक्यातून, त्या त्या वेळी.

अँड्रॉइडमध्ये मजकुराच्या फाइलीत ठळक, तिरप्या आणि रेघेच्या साध्या खुणा चालतात. नावाची खूणही घालता येते, म्हणजे ‘हा भाग अटींचा दुवा’ एवढं लिहायचं आणि त्याला रेघ द्यायची की रंग, हे नंतर एका ठिकाणी ठरवायचं. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते. भाषांतरकाराला रूपाशी देणंघेणं नसावं, अर्थाशी असावं.

इथे एक सापळा आहे. अँड्रॉइडमध्ये फाइलीतून मजकूर उचलण्याच्या दोन आज्ञा आहेत, गेटस्ट्रिंग आणि गेटटेक्स्ट. पहिली नुसती अक्षरं आणते आणि खुणा वाटेत टाकून देते, दुसरी खुणांसकट आणते. फाइलीत रेघ आहे, पडद्यावर नाही, आणि माणूस तासभर फॉन्टला शिव्या देतोय, तर पहिल्यांदा ही आज्ञा बघावी.

आयफोनवर २०२१ पासून, आयओएस १५ मध्ये, मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांची पद्धत सजवलेल्या मजकुरात चालते. त्यात ठळक, तिरपं, खोडलेलं आणि दुवा हे सगळं आहे, रेघेची खूण तेवढी नाही. त्यामुळे शब्दांवर दुव्याची खूण घालायची आणि ‘जिथे दुवा दिसेल तिथे रेघ दे’ असं वेगळं सांगायचं. थोडा वळसा पडतो, पण आकडे मोजण्यापेक्षा हजारपट बरा.

## रेघ आहे, पण दाबल्यावर काही होत नाही

रेघ हे फक्त रूप. ती ओढल्याने मजकूर दाबण्याजोगा होत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. आयफोनच्या यूआयलेबलात दुवा घातला तर तो दिसतो, पण बोटाला दाद देत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचा मजकूर-चौकोन वापरावा लागतो किंवा बोट नेमकं कोणत्या अक्षरावर पडलं हे स्वतः मोजावं लागतं. अँड्रॉइडमध्ये दाबण्याजोग्या तुकड्याची सूचना दिली की रेघ आणि रंग आपोआप येतात, मात्र लेबलाला ‘दुव्यांकडे लक्ष दे’ असं वेगळं सांगावं लागतं. ते राहिलं की रेघ दिसते, बोट आपटत राहा.

उलट प्रकार जास्त चीड आणतो: नुसतं महत्त्व दाखवायला ओढलेली रेघ. १९९३ साली मोझॅक या ब्राउझरने दुवे निळे आणि खाली रेघ असलेले दाखवले आणि तेव्हापासून रेघ म्हणजे ‘इथे दाबा’ हे जगाच्या बोटांत भिनलं आहे. कागदावर, वहीत, कार्यालयाच्या टिपणीत महत्त्वाच्या शब्दाखाली खुशाल रेघ मारावी. पडद्यावर त्यासाठी ठळक अक्षर आहे.

## उकाराचं काय करायचं?

देवनागरीत डोक्यावर आधीच एक रेघ असते. खाली दुसरी आली की शब्द दोन रुळांत अडकल्यासारखा दिसतो. त्यात उकार, ऋकार आणि हलन्त नेमके जिथे रेघ जाते तिथेच उतरतात. ‘सूचना’ किंवा ‘कृपया’ या शब्दांखाली रेघ ओढून बघा. ‘मुद्द्यांशी’सारखा शब्द असेल तर एकाखाली एक रचलेलं जोडाक्षरही रेघेत घुसतं, आणि लहान अक्षरांत पहिला उकार की दुसरा हे कळेनासं होतं.

काही ठिकाणी रेघ अशा चिन्हाजवळ आली की आपणहून तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. आजचे ब्राउझर हे करतात. पण सगळीकडे ही सोय मिळेल असं धरून चालू नये. रेघ बारीक ठेवणं, ओळींमध्ये अंतर वाढवणं आणि मुळात दोन-तीन शब्दांपलीकडे रेघ न नेणं, हे सगळीकडे चालतं. तीन ओळींचा परिच्छेद सबंध रेघेखाली घालणाऱ्याने तो स्वतः एकदा मराठीत वाचून दाखवावा.

## ‘इवल्याशा रेघेसाठी एवढा खटाटोप?’

रेघ काढून टाका, नुसता रंग द्या, असं सुंदर पडद्यांचे शौकीन म्हणतात. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, पुरुषांत जास्त. उन्हात एसटीच्या थांब्यावर उभं राहून फोन बघणाऱ्यालाही निळा आणि काळा सारखाच. वेब सुलभतेची २००८ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याच कारणाने सांगतात, की माहिती एकट्या रंगावर टांगून ठेवू नका. आणि रेघ डोळ्यांपुरतीच असते. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला ती ऐकवता येत नाही, दुवा म्हणून नोंद असेल तरच ‘दुवा’ असं ऐकू येतं. म्हणून दोन्ही हवं, दिसणारी रेघ आणि आतली नोंद.

आपल्याकडे हा निव्वळ सौजन्याचा मामला राहिलेला नाही. डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात म्हटलं. तो खटला ओळख पटवण्याच्या प्रक्रियेत अडणाऱ्या अपंग व्यक्तींचा होता. त्याआधी २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नोंदवले. त्यातल्या एका प्रकारात काही माहिती ठळक करून बाकीची झाकून ठेवण्याची युक्ती येते. ‘होय’चं मोठं बटण आणि ‘नको’ मात्र फिकट, रेघेविना, कोपऱ्यात, हे ओळखीचं वाटेल. सरकलेली रेघ हा निष्काळजीपणा, गायब केलेली रेघ कधी कधी हेतू. वापरणाऱ्याला दोन्हीत अटी सापडत नाहीत, एवढं सारखं.

## तपासायचं कसं?

ॲप बनवणाऱ्यांकडे खोट्या भाषेची एक युक्ती असते. अँड्रॉइडमध्ये ती तयारच मिळते: इंग्रजी अक्षरांवर टोप्या चढवून आणि वाक्यं लांबवून दाखवायची, म्हणजे कुठे मजकूर कापला जातो आणि कुठे भाषांतर राहून गेलं ते दिसतं. इंग्रजीच्या खणांवर मोजलेले आकडे त्यात थोडेफार पकडले जातात. काना-मात्रा, जोडाक्षर, प्रत्यय यांतलं काहीच पकडलं जात नाही, कारण त्या खोट्या भाषेत ते नसतंच.

म्हणून चाचणीच्या वाक्यांत एक मराठी वाक्य मुद्दाम वाकडं करून ठेवावं. ‘दुसऱ्या ॲपमधल्या स्त्रियांच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे’ हे चालेल. रेघ ‘मुद्द्यांशी’खाली मागायची. ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ एकदा एका रीतीने टाइप करायचे, एकदा दुसऱ्या. मग फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून बघायचं, मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करून ऐकायचं, आणि ‘शी’वर बोट ठेवून दुवा उघडतो का ते पाहायचं.